गाणं तोंडपाठ, पण बांधणारा कोण? (मराठवाड्यातली लोकगाणी आणि त्यांचे कवी)

गोदाकाठचा (परभणी)

जयंतीला, नवरात्रात, हळदीला, सप्त्यात आमच्याकडं जी गाणी वाजतात ती लोकांना तोंडपाठ असतात. शाळेतली पोरंसुद्धा एक शब्द न चुकता म्हणतात. त्यातलं कोणतंही एक धरा आणि 'हे बांधलं कोणी?' असं विचारून बघा. गाणाऱ्याचं नाव लगेच निघतं, कॅसेट कंपनीचं निघतं, हल्ली तर डीजेचंही निघतं. कवीचं निघत नाही. गंमत अशी की ते नाव गाण्यातच असतं, शेवटच्या कडव्यात. पण मिरवणुकीत गाणं दुसऱ्या कडव्यावर तोडतात, पुढचं सुरू होतं, अन् कवी तिथंच रस्त्यावर राहतो.

गाण्यात नाव ओवायची रीत आपल्या भागात फार जुनी. पैठणच्या नाथांच्या नावावर तीनशेच्या आसपास भारुडं सांगतात. शेवटी 'एका जनार्दनी'. स्वतःचं नाव आणि देवगिरीच्या किल्ल्यावरचे गुरू जनार्दनस्वामी, दोघं एकाच सहीत. गंगाखेडची जनाबाई तर परक्या घरात दळणकांडण करणारी बाई. तिनं 'नामयाची जनी' म्हणून सही केली. मालकाचं नाव पुढं लावलं खरं, पण जनी राहिलीच ना!

माझा स्वतःचा जीव आंबेडकरी चळवळीचे लोककवी वामनदादा कर्डक यांच्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर पक्षपाताचा आरोप नको. १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. म्हणजे माणूस नाशिककडचा. पण मराठवाड्यातल्या वस्त्यांनी त्यांना कधी पाहुणा मानलं नाही. मोठं होईपर्यंत अक्षरओळख नव्हती, मुंबईत कष्टाची कामं करता करता वाचायला शिकले आणि मग २००४ मध्ये जाईपर्यंत लिहीत-गात राहिले. धृपद असं, की पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं दुसऱ्या फेरीला सोबत म्हणावं. अन् कडव्यात मधेच असा एखादा शब्द टाकतील, की घरी जाईस्तोवर तो टोचत राहतो. शेवटी 'वामन' आला की मांडी घालून बसलेली माणसं हलायची, कारण आता गाणं संपणार हे कळायचं.

तर आपापल्या गावाकडचे गोंधळी, आराधी, शाहीर, भजनी मंडळातले कवी, जे कोणी मनात घर करून आहेत त्यांच्यावर लिहा. एकच विनंती. बांधणाऱ्याचं नाव ठाऊक असेल तर ते टाका. आख्खं गाणं मात्र टाकू नका, हयात कवींच्या पोटाचा प्रश्न असतो.

बालाघाट (बीड)

दादा, बरं केलं धागा काढला. मी थेट मुद्द्यावर येतो. आत्माराम साळवे.

माजलगाव तालुक्यातलं भाटवडगाव. नामांतराच्या लढ्याचा शाहीर म्हटलं की आमच्याकडं हेच नाव. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा विधिमंडळाचा ठराव झाला २७ जुलै १९७८ ला. त्यानंतर मराठवाड्यात काय जळालं, कोणाची घरं जळाली, हे इथं सांगायला नको. त्या काळात वस्तीवस्तीत जाऊन उभं राहून गाणं म्हणजे काय असतं ते आज स्टेजवर मॉनिटर स्पीकर मागणाऱ्यांना कळायचं नाही. खटले अंगावर घेतले, गाणं सोडलं नाही. १९९१ च्या जानेवारीत माणूस गेला. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. ज्याच्यासाठी आवाज घालवला ते तीन वर्षांनी आलं.

आता दर १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर जा. पुस्तकांचे स्टॉल, निळे फेटे, सगळीकडून गाणी. तिथं विशीतल्या पोरांना साळव्यांचं नाव विचारलं तर दहातला एखादा सांगतो. गाणी मात्र दहाही जण म्हणतात.

रेघोट्या

धागा चांगला आहे, पण एक शंका. ज्याचा कर्ता माहीत आहे त्याला लोकगीत म्हणावं का? लोकसाहित्याच्या अभ्यासात साधारण असं धरतात की लोकगीताला कोणी एक कर्ता नसतो, ते समूहाचं असतं, तोंडातोंडी बदलत जातं. वामनदादा, साळवे हे लोककवी आहेत, शाहीर आहेत. त्यांची गाणी लोकप्रिय आहेत. लोकगीत आणि लोकप्रिय गीत यांत फरक ठेवला पाहिजे, नाहीतर उद्या सिनेमातली गाणीही यात यायची.

गोदाकाठचा (परभणी)

रेघोट्या, मग नाथांची भारुडं कुठं ठेवायची? कर्ता पक्का ठाऊक, १५९९ मध्ये समाधी घेतली हेही ठाऊक, फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला अजून दिंड्या येतात. आणि तेच भारूड सिल्लोडकडं एका ढंगात, लातूरकडं दुसऱ्या ढंगात चालतं. मधली बडबड प्रत्येक भारुडकार आपली घालतो. निरंजन भाकरे यांचा 'बुरगुंडा' ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा. मूळ नाथांचं, पण त्यात हुंडा आला, दारू आली, स्वच्छता अभियान आलं. २०२१ मध्ये कोरोनानं त्यांना नेलं तेव्हा आमच्या ग्रुपवर लोक 'बुरगुंडा गेला' असंच लिहीत होते. कर्ता एक, बदल हजार जणांचे. तुमच्या व्याख्येत हे बसतं का?

रेघोट्या

बसवायचं म्हटलं तर बसतं. लोकांनी स्वीकारून बदललं की ते लोकांचं झालं, असंही एक मत आहे. आपल्याच विद्यापीठात प्रभाकर मांडे सरांनी आयुष्यभर या विषयावर काम केलं, भटक्या जमातींमध्ये जाऊन, त्यांच्या सांकेतिक भाषांपर्यंत पोचून. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते गेले. त्यांचं लेखन वाचलं तर कळतं की माणसं आधी बघायची, चौकट नंतर. तेव्हा चौकटीचा आग्रह सोडतो. पण 'लोकांचं झालं' असं म्हणत कवीचं नाव पुसायची सोय होते, हेही लक्षात घ्या. म्हणजे माझी शंका तुमच्याच बाजूची आहे.

लातूरकर पुण्यातून

+१. शेवटचं कडवं तोडण्यावरून आठवलं. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एकानं तिच्या पहिल्या दोन कडव्यांवर डान्स बसवला होता. नटूनथटून मैना, मागं टाळ्या. लोकांना वाटलं शृंगाराची लावणी आहे.

ती पुढं कुठं जाते ते ऐकलं तर अंगावर काटा येतो. गावाकडं राहिलेली बायको, मुंबईत आलेला गरीब कामगार, तिथली श्रीमंती आणि उपासमार, आणि मग हळूच कळतं की ही ताटातूट एकट्या नवरा-बायकोची नाही. बेळगाव, कारवार, निपाणी महाराष्ट्राबाहेर राहिले, तीच ती मैना. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतलं गाणं आहे हे. शेवट काढला तर उरतं काय? दागिन्यांची यादी.

अण्णाभाऊ गेले १८ जुलै १९६९ ला. अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला, अपघातात. लाल बावटा कलापथकातले दोन पहाडी आवाज दीड महिन्यात गेले. अमर शेख बार्शीचे. बार्शी सोलापूर जिल्ह्यात आहे हे मला माहीत आहे, कोणी नकाशा काढू नका. आमच्या आजोबांचा तुरीचा बाजार बार्शीलाच असायचा, त्यामुळं आमच्या घरात ते 'आपल्याकडचे' होते.

चौंडकं (धाराशिव)

बार्शी आमचीच हो. 🙂

जाईची आई (गंगाखेड)

मी इथं फक्त वाचत असते, पण जनाबाईचं नाव निघालं म्हणून लिहिते.

तुम्ही सगळे पुरुष कवींच्या सह्या शोधताय. आमच्या आज्यांनी जात्यावर जे गायलं त्यात नावं किती असतात ते मोजा. भावाचं नाव, लेकाचं नाव, सुनेचं, माहेरच्या गावाचं, विठ्ठलाचं, रखुमाईचं, बाबासाहेबांचं, रमाईचं. गाणारीचं नाव कुठंच नाही! अख्ख्या गोतावळ्याला ओवीत बसवलं आणि स्वतः बाहेर थांबली. म्हणून मला जनाबाईचं फार अप्रूप वाटतं. सातशे वर्षांपूर्वी तिनं जे केलं ते माझ्या आजीला जमलं नाही, किंवा तिला तसं सुचलंच नाही.

आजीची एक ओवी देते. ती छापलेली नाही, तिची तिनंच जोडलेली, निदान आमच्या घरात तसंच मानतात:

थांब थांब कंडक्टरा, घंटी नको देऊ घाई
गंगाखेडाच्या पारावर वाट बघती माझी आई

एसटी गावात आली त्या काळातली असणार. म्हणजे जुनीपुराणी म्हणतो त्या ओवीत कंडक्टरपण येतो. रेघोट्यांनी टीप करून ठेवावी.

आणि एक चांगली गोष्ट सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या ओव्या लिहून घेतल्या. एक लाखाच्या वर भरल्या, हजारभर गावांतून. बर्नार्ड बेल यांनी नंतर त्यातल्या काही ध्वनिमुद्रित केल्या. आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यातलं बरंच मिळतं. तिथं ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. परभणी जिल्ह्यातलं ताडकळस आहे, माजलगावचं भीमनगर आहे. भीमनगरातल्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐका. जातं तेच, सूर तोच, पण विठ्ठलाच्या जागी भीमराव येतो तेव्हा आवाजात वेगळाच ताठा येतो. बालाघाट भाऊ, तुमच्या शेजारचंच आहे.

बालाघाट (बीड)

ताई, दंडवत. कंडक्टरची ओवी आईला ऐकवली. ती म्हणाली 'तुपल्या ताईला सांग, अजून टाक म्हणावं.'

चौंडकं (धाराशिव)

आराध्यांचं, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांचं, कोणीच लिहीना, म्हणून मी.

आमच्याकडं घटस्थापनेच्या आधीपासून रस्त्यानं पोरं दिसायला लागतात. तुळजापूरहून ज्योत पेटवून घेऊन आपल्या गावाकडं पळत निघालेली, मागं टेम्पो, टेम्पोवर भोंगा, भोंग्यावर आराधी गाणी. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडाईची यात्रा, तिथं पण तेच. गळ्यात कवड्याची माळ, हातात परडी, पोत, आणि चौंडकं. नवीन लोकांना सांगतो: चौंडकं म्हणजे एका बाजूनं चामडं लावलेलं छोटं पिंप, त्यातून तार बाहेर काढलेली. पिंप काखेत दाबायचं, तार ताणायची आणि छेडायची. ताण कमीजास्त केला की आवाज गुबगुबीत वरखाली होतो. की-बोर्डवर 'चौंडकं' नावाचा टोन मिळतो आता. तो ऐकून मला त्या वाद्याची दया येते.

ही गाणी बांधणारे आराधी बरेचदा पुजारी नाहीत, मोठे कलावंत म्हणून प्रसिद्ध नाहीत. मेळ्यातली एखादी म्हातारी, एखादा ऊसतोड्या. मेळ्याच्या गाण्यात शेवटी मेळ्याचं आणि गावाचं नाव घालायची पद्धत आहे. कॅसेटच्या जमान्यात ती गाणी शहरातल्या गायकांनी घेतली. गावाचं नाव काढलं, कारण दुसऱ्या गावातला माणूस विकत घेणार नाही ना. चाल तशीच ठेवली. कवी कोण, तर 'पारंपरिक'. हे 'पारंपरिक' फार सोयीचं असतं बघा. पारंपरिकाला मानधन द्यावं लागत नाही.

माझ्या ऐकण्यातला सगळ्यात भारी आवाज एका आराधीणबाईंचा होता. देवळाच्या पायऱ्यांवर बसायच्या. सूर लावायच्या आधी तंबाखू थुंकायच्या आणि 'हं, आई, ऐक' म्हणायच्या, देवीला, आपल्याला नाही.

गोदाकाठचा (परभणी)

चौंडकं, हे आवडलं. गोंधळाचंही थोडं जोडतो, कारण त्यावर आम्हा परभणीकरांचा हक्क आहे. गोंधळमहर्षी राजारामभाऊ कदम आमचे. संबळ, तुणतुणं, झांज आणि दिवटी, एवढ्या सामानावर रात्र काढायची. आधी सगळ्या देवांना त्यांच्या त्यांच्या गावाचं नाव घेऊन बोलवायचं, तुळजापूरची, माहूरची, कोल्हापूरची, जेजुरीचा. मग आख्यान. आख्यानात यजमानाचं नाव, त्याच्या भावकीतलं भांडण, गावातल्या सावकाराची फजिती, सगळं जागच्या जागी घुसवतात. हे लिहून ठेवलेलं नसतं. त्या रात्रीचं गाणं त्या रात्रीपुरतं. म्हणून गोंधळ्याला नुसता गायक म्हणणं मला पटत नाही. तो उभ्या उभ्या कवी असतो.

आता एका तासाचा गोंधळ मागतात. लग्नाच्या हॉलची वेळ संपते म्हणे. तासाभरात देव यायचे, बसायचे अन् जायचे.

तांड्यावरचा (जिंतूर)

आमच्या लेंगीबद्दल दोन ओळी. होळीला बंजारा तांड्यावर लेंगी म्हणतात, डफावर, रात्र रात्र, बाया एकीकडं, गडी एकीकडं, एकमेकांना शब्दानं हाणायचं. भाषा गोरबोली, त्यामुळं तुमच्या मराठी याद्यांत आम्ही कधीच नसतो. तांड्यातली अर्धी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, कोणी होळीला येतं, कोणी कारखाना बंद झाल्यावर. ऊसतोडीवर नवीन लेंगी खूप झाल्यात. मुकादम, उचल, कोयता, सगळं त्यात आहे. मी मोबाईलवर घेऊन ठेवतो. म्हणणाऱ्याचं नाव आधी बोलायला लावतो, मग गाणं. एवढं केलं तरी पुरे.

रेघोट्या

नाव आधी बोलायला लावणं ही फार शहाणी पद्धत आहे. फाइलचं नाव बदलतं, फॉरवर्ड होताना गळतं. आवाजातलं नाव गळत नाही.

डीजे_बाप्पू

बऱ्याच जणांनी डीजेवर राग काढलाय, तर आता डीजेवाल्याचं पण ऐका. माझी गाडी आहे. जयंती, गणपती, लग्न, समदं करतो.

मिरवणूक जाग्यावर राहत नसतीय राव. चौकात दहा मिनटं मिळतात. मागं दुसऱ्या मंडळाची गाडी असती, पोलीस हात करायलेत, दहाला बंद करायचं असतंय. आठ मिनटाचं गाणं मी कसं वाजवू? पब्लिक दुसऱ्या कडव्यालाच ओरडायलंय, 'बाप्पू बदल'. अन् एक सांगा, वामनदादांची गाणी ह्या पोरांपर्यंत नेली कुणी? पुस्तकानं का बेंजोनं? मी तर म्हणतो रिमिक्स नसतं तर ही पोरं पंजाबी गाण्यावर नाचली असती.

आमच्या बापाची हलगी होती. लाकडी कडं, बकऱ्याचं कातडं, पावसाळ्यात पाचट पेटवून शेकायची, तवा कुठं कडकडायची. एक बारीक काडी, एक टिपरू. आता लोखंडी कडं अन् वर फायबर. शेकायची गरज नाही, पाण्यात टाकली तरी वाजती. पण बाप म्हणतो हिला आवाज आहे, बोली नाही. मला बी पटतं. पण धंदा हाय.

बालाघाट (बीड)

बाप्पू, तुमच्या बापाचं वाक्य लाखाचं आहे. पण पंजाबी गाण्याचं सांगू नका. भीतीनं गाणं वाचवायचं का? अहो, जयंतीच्या मिरवणुकीत असं होतं की पहिल्या दोन ओळी बाबासाहेबांच्या आणि पुढं नुसता ठेका. शब्द ऐकूच येत नाहीत, छातीत धडधड तेवढी होते. जलशांच्या काळात हेच गाणं माणसं जमिनीवर बसून ऐकायची. नाशिकचे भीमराव कर्डक जलसे करायचे. त्यातून लोकांना पाणवठा कळला, शाळा कळली. तेव्हा स्पीकर नव्हते, शब्द होते.

संभाजीनगरात कडुबाई खरात एकतारी घेऊन गातात. एक तार. यूट्यूबवर त्यांना लाखो लोकांनी ऐकलं. तुमच्या सोळा बेसची गरज पडली का?

डीजे_बाप्पू

कडुबाईंचं गाणं मी पण लावतो. लोक खाली बसून ऐकतात तवा, खरंय.

लातूरकर पुण्यातून

बाप्पूंवर सगळ्यांनी तुटून पडू नका. गाडी त्यांची असली तरी गाणं कुठं तोडायचं हे मंडळ ठरवतं आणि मंडळात आपलेच चुलतभाऊ आहेत. माळेगावच्या यात्रेत जाऊन बघा. लोहा तालुक्यातला खंडोबा, घोडे, गाढवं, उंट, आणि लावणी महोत्सव. तिथं तंबूत ढोलकीवर बैठकीची लावणी सुरू झाली की मागून शिट्ट्या 'फिल्मी लावा'. हे ऐकणाऱ्याचं काम आहे, वाजवणाऱ्यावर ढकलून चालत नाही.

अवांतर: ना. धों. महानोरांनी 'पळसखेडची गाणी' म्हणून आपल्या गावातली लोकगीतं एकत्र केली. स्वतः एवढा मोठा कवी, सोयगाव तालुक्यातला, पण आधी शेजारपाजारच्या बायकांचं ऐकून लिहून घेतलं. त्यांच्या रानातल्या कवितांना जो ताल आहे तो कुठून आला हे ते पुस्तक वाचल्यावर कळतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्या वर्षी मराठवाड्यानं बरंच गमावलं.

मास्तर हिंगोली

एक व्यवहाराचा मुद्दा. गाण्यात नाव राहिलं नाही तर म्हातारपणी काय होतं ते मी जवळून बघतोय.

सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आता सरसकट महिना ५,००० रुपये मिळतात. पूर्वी अ, ब, क असे दर्जे होते, तेव्हा त्याहून कमी मिळायचे. वयाची पन्नाशी लागते, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि कलेचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे आकाशवाणीचं पत्र, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्राचं कात्रण, फोटो. आमच्या ओळखीचे एक भारुडकार आहेत, सत्तरीच्या पुढचे. पंचक्रोशीतला एकही सप्ता त्यांच्याशिवाय झाला नसेल. त्यांचा अर्ज 'पुरावे अपुरे' म्हणून परत आला. पुरावा आख्खं गाव आहे, पण गाव झेरॉक्स होत नाही. एका कंपनीच्या जुन्या कॅसेटवर त्यांचीच दोन गाणी आहेत, कव्हरवर नाव दुसऱ्याचं.

शेवटी आम्ही काय केलं, तर भजनी मंडळाच्या जुन्या वह्या काढल्या. वहीत गाण्याखाली त्यांचं नाव होतं, तिथी घातलेली होती, त्या वेळच्या सरपंचाची सही होती. ते जोडून पुन्हा अर्ज केला, सोबत सप्त्याच्या छापील पत्रिका. आता ते मंजूर आहे. तेव्हा ज्यांच्या घरी अशा वह्या, पत्रिका आहेत त्यांनी रद्दीत घालू नका, कृपा करून.

टेपवाला (नांदेड)

मास्तरांचं वाचून थांबवेना. घरोघरी कॅसेट पडल्यात, बुरशी लागून चालल्यात. ज्यांना त्या संगणकावर घ्यायच्यात त्यांच्यासाठी:

आधी कॅसेट लगेच वाजवू नका. वर्षानुवर्षं पडलेली फीत चिकटलेली असते. एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, मग वाजवा. आतली स्पंजची छोटी गादी निघाली असेल तर आवाज दबका येतो, दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधली काढून लावता येते. टेपचं हेड आणि रबरी चाक साफ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, अत्तर-सेंट अजिबात नको. टेपच्या स्पीकरसमोर मोबाईल धरून रेकॉर्ड करू नका, पंखा आणि कुत्री पण येतात त्यात. हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या भोकातून वायर काढून संगणकाला द्या. वेव्ह फाइलमध्ये ठेवा, एमपी थ्री नंतर करता येते. आणि खरखर काढायच्या नादाला लागू नका. सॉफ्टवेअर खरखरीबरोबर झांज आणि तुणतुणं पण खाऊन टाकतं.

कव्हरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा. अन् तांड्यावरच्या भाऊंसारखं सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोला: कोणाची कॅसेट, कुठल्या गावची, कधीची.

जाईची आई (गंगाखेड)

टेपवाले दादा, माझ्याकडं आजीच्या आवाजाची एक कॅसेट आहे, मामाच्या लग्नातली. हळदीला जात्याची पूजा करून बायका म्हणतात ना, तेव्हाची. मधेच बँड वाजतो आणि कोणीतरी 'चहा आणा' ओरडतं. घेण्यासारखी आहे का?

टेपवाला (नांदेड)

ताई, चहावाल्यासकट घ्या. फीत तुटली असेल तर चिकटपट्टी लावू नका, तशीच पाठवा किंवा नांदेडला आलात तर घेऊन या.

गोदाकाठचा (परभणी)

आतापर्यंतचं वाचून एक सुचलंय. बाप्पू, तुम्ही म्हणता आठ मिनिटांचं गाणं चौकात वाजवता येत नाही. मान्य. पण दोन गाण्यांच्या मधे तुम्ही माईकवर बोलताच की. अमुक दादांतर्फे, तमुक मित्रमंडळातर्फे, वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्यातच 'आत्ताचं गाणं अमुक कवीचं' एवढं म्हणायला किती वेळ लागेल?

डीजे_बाप्पू

वेळ नाही लागत. मला नावंच माहीत नाहीत, हे खरं कारण. मेमरी कार्डात गाणी येतात ती 'न्यू भीम साँग हार्ड बेस' अशा नावानं येतात. त्यात कवी कुठून काढू? तुम्ही यादी द्या, मी बोलतो. ह्या जयंतीपासून बोलतो. कोणी हसलं तर हसू द्या.

बालाघाट (बीड)

बाप्पू, मघाशी जोरात बोललो, वाईट वाटून घेऊ नका. साळव्यांची माझ्याकडची गाणी मी काढतो. पहिली ओळ आणि कवी, एवढंच लिहून देतो.

रेघोट्या

यादीत तीन रकाने ठेवा: पहिली ओळ, बांधणारा, हे कशावरून. तिसरा रकाना महत्त्वाचा. वामनदादांच्या नावावर दुसऱ्यांची गाणी खपवलेली मी बघितली आहेत, आणि उलटही. शेवटच्या कडव्यात नाव असेल तर ते कडवं ऐकल्याशिवाय नोंद करू नका. ज्याला नाव मिळत नाही तिथं 'पारंपरिक' लिहू नका, रकाना कोरा सोडा.

चौंडकं (धाराशिव)

कोरा सोडा, हे बेस. आराध्यांच्या गाण्यांची सुरुवात मी करतो. कवीच्या जागी मेळ्याचं गाव चालेल का?

रेघोट्या

चालेल.

डीजे_बाप्पू

यादी मोठ्या अक्षरात टाका. रात्री गाडीवर निळ्या लायटीत वाचावं लागतंय, अन् मला चष्मा हाय.